घरातल्या उद्योगाला कायदेशीर रूप देताना

बँकेत चालू खाते उघडण्याच्या अर्जावर 'संस्थेचा प्रकार' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे प्रोप्रायटरशिप, भागीदारी, एलएलपी, प्रायव्हेट लिमिटेड अशा चौकटी असतात. मुंबईतल्या कितीतरी घरगुती व्यवसायांचे कायदेशीर रूप या रकान्यापाशीच, काउंटरपलीकडून "मॅडम, इथे टिक करा" असे सांगितले गेल्यावर ठरते. व्यवसाय मसाल्यांचा असो, दिवाळीच्या फराळाचा, ब्लाउजच्या शिलाईचा, शिकवण्यांचा किंवा घरून चालणाऱ्या डिझाइनच्या कामाचा असो. कर्ज कोणाच्या अंगावर येणार, कर किती लागणार आणि उद्या वाटा वेगळ्या झाल्या तर नाव कोणाकडे राहणार, हे त्या एका खुणेवर अवलंबून असते. म्हणून हा निर्णय बँकेत घेऊ नये, घरी बसून सावकाश घ्यावा. तो कोणत्या क्रमाने घ्यावा, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: घरातल्या घरात चार उत्तरे लिहावीत

पैसा कोणाचा लागणार आहे, रोजचे निर्णय कोण घेणार आहे, वाईटात वाईट घडले तर किती रकमेचे देणे अंगावर येऊ शकते, आणि काम करणाऱ्यांपैकी एक जण उद्या बाजूला झाला तर काय व्हावे, या चार प्रश्नांची उत्तरे बोलून सोडून न देता लिहून काढावीत. पहिली दोन उत्तरे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवत असतील तर बहुधा एकल मालकी, म्हणजे अर्जावरची प्रोप्रायटरशिप, पुरते. ती दोन किंवा अधिक व्यक्तींकडे जात असतील तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांचा विचार करावा लागतो. तिसऱ्या उत्तरातली रक्कम घरच्या बचतीला झेपणारी नसेल, तरच कंपनीचा विचार सुरू करावा.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. काम बाईचे, चव तिच्या हातची, गिऱ्हाईक तिने जोडलेले, आणि कागद मात्र 'सोयीसाठी' नवऱ्याच्या किंवा दिरांच्या नावावर, अशी व्यवस्था आजही घरोघरी दिसते. एकल मालकीत ज्याच्या पॅनवर व्यवसाय नोंदवला, तोच कायद्याने मालक असतो. उलाढालीचा इतिहास, बँकेतली पत, विवरणपत्रात दिसणारे उत्पन्न हे सारे त्याच्या नावे साठत जाते आणि दहा वर्षे राबलेल्या बाईला मुद्रा कर्जाचा अर्ज करताना दाखवायला स्वतःचे काहीच नसते. काम जिचे, कागद तिच्या नावावर असावेत. नवऱ्याने भांडवल दिले तर ते लेखी कर्ज म्हणून, परतफेडीच्या अटींसह घ्यावे. भेट म्हणून घेतल्यास त्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा आयकर कायद्यानुसार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो.

दुसरी पायरी: पत्त्याचा प्रश्न आधी सोडवावा

मुंबईत रूप निवडण्याआधी जागा तपासावी लागते, कारण काही रूपे जागेकडून जास्त मागतात. एकल मालकीसाठी विजेचे बिल आणि जागा दुसऱ्याच्या नावावर असल्यास त्याचे संमतिपत्र एवढ्यावर बहुतेक नोंदण्या होतात. कंपनीला मात्र नोंदणीकृत कार्यालय लागते आणि त्या कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव व पत्ता असलेली पाटी लावणे कायद्याने बंधनकारक असते. तिसऱ्या मजल्यावरच्या वन-रूम-किचनच्या दारावर 'प्रायव्हेट लिमिटेड' अशी पाटी लागली की सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय निघणार, हे गृहीत धरावे.

घर स्वतःच्या मालकीचे असेल तर सोसायटीच्या उपविधींमध्ये निवासी वापराबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे आणि शक्य तर ना-हरकत पत्र आधीच घ्यावे. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारात 'केवळ निवासासाठी' असा शब्दप्रयोग जवळजवळ नेहमी असतो, त्यामुळे मालकाची लेखी संमती लागते. पागडीच्या खोलीत घरमालक वापर बदलल्याचा मुद्दा काढू शकतो, म्हणून तेथे पत्ता देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. घरच्या माणसांनी, पगारी कामगार न लावता केलेला शिवणकाम-भरतकामासारखा उद्योग ही कल्पना मुंबईच्या नियमांना नवी नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशा परंपरागत गृहव्यवसायाला निवासी भागात मुभा होती. सोसायटीशी खटके उडतात ते कामगारांची ये-जा, मोठ्या गिरण्यांचा आवाज, सिलिंडरचा साठा आणि जिन्यातली पोती यांवरून.

तिसरी पायरी: एकल मालकी पुरते का, हे आधी पाहावे

एकल मालकीसाठी वेगळा कायदा नाही आणि तिची वेगळी नोंदणीही नसते. व्यक्ती आणि व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने एकच असतात. म्हणून सुरुवात सोपी आणि बंद करणेही सोपे. पण व्यवसायाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे ठरते आणि त्यासाठी घर, दागिने, ठेवी यांवरही जप्ती येऊ शकते.

बँक चालू खात्यासाठी व्यवसायाच्या नावाचे साधारणपणे दोन पुरावे मागते. त्यांतला पहिला म्हणजे उद्यम, ही छोट्या उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. दुसरा पुरावा म्हणजे मुंबईत ज्याला सगळे 'गुमास्ता' म्हणतात तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला परवाना घ्यावा लागत नाही. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पोच हाच पुरावा धरला जातो. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी विक्री सुरू करण्याआधीच हवी. स्वयंपाकघर घरातले आहे म्हणून ती टळत नाही. त्याशिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला त्यासाठी नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ही नोंदणी विसरली जाते आणि काही वर्षांनी व्याजासकट मागणी येते.

या सगळ्या अर्जांत व्यवसायाचे नाव अक्षरशः एकसारखे लिहावे. उद्यमवर 'गृहउद्योग', गुमास्त्यात 'गृह उद्योग' आणि एफएसएसएआयवर 'गृहोद्योग' असे झाले, की बँकेतला अधिकारी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो, पेन्सिलीने तिन्ही नावांखाली रेघ ओढतो आणि अर्ज परत करतो. दुरुस्तीत तीन आठवडे सहज जातात, आणि हे नेमके गणपती-दिवाळीच्या तोंडावर घडते. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंगही पहिल्या अर्जाआधीच एका कागदावर पक्के करून ठेवावे.

कराच्या बाबतीत एकल मालकीचा फायदा बहुतेकांना वाटतो तेवढा कमी नाही. व्यवसायाचा नफा व्यक्तीच्या उत्पन्नात धरला जातो आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला सूट मिळून कर शून्य होतो. शिवाय २ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यवसायाला अनुमानित पद्धतीने उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा दाखवून तपशीलवार हिशेबवह्यांतून सुटका करून घेता येते. तरीही रोजची विक्री आणि खरेदी वहीत लिहावीच, कारण कर्जासाठी बँक तेच विचारते.

चौथी पायरी: दोघी असतील तर करारनामा आधी, धंदा नंतर

परळच्या एका इमारतीतल्या दोन जावा मिळून पुरणपोळ्या आणि फराळ करतात असे समजा. एकीच्या स्वयंपाकघरात काम होते, दुसरी ऑर्डर घेते, नफा अर्धा-अर्धा वाटतात आणि कागद काहीच नाही. त्यांना वाटते की आपण अजून काही 'स्थापन' केलेले नाही. प्रत्यक्षात भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार नफा वाटून घेण्याच्या समजुतीने एकत्र व्यवसाय केला की भागीदारी झालेलीच असते; कागद नसेल तर कायद्यातले नियम लागू होतात. त्यांपैकी तीन नियम प्रत्येक घराने जाणून घ्यावेत. वेगळे ठरले नसेल तर नफा समसमान, मग एकीने दिवसाला आठ तास काम केले असो वा दोन. धंद्याच्या ओघात एका भागीदाराने उधारीवर आणलेला माल दोघांनाही बांधतो. आणि पेढीच्या, म्हणजे भागीदारीत चालणाऱ्या व्यवसायाच्या, देण्यासाठी प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो. 'माझा वाटा निम्मा, म्हणून मी निम्मेच देईन' असे व्यापाऱ्याला सांगता येत नाही.

त्यामुळे भागीदारी करायची तर योग्य मुद्रांक शुल्क भरून लेखी करारनामा करावा आणि पेढीची भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदणी करून घ्यावी. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही, आणि दावा दाखल केल्यावर केलेली नोंदणी तो दोष भरून काढत नाही. एखाद्या केटररने ऐन लग्नसराईत दीड लाखाचा माल उचलून पैसे थकवले, तर याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

तयार नमुन्यावर नावे घालून केलेले करारनामे नेमके घरगुती व्यवसायात उपयोगी पडत नाहीत, कारण घरगुती व्यवसायाची खरी मालमत्ता नमुन्यात नसते. ज्या मोबाइल नंबरवर दोनशे गिऱ्हाइकांच्या ऑर्डर येतात, ते सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? इन्स्टाग्रामच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? मसाल्याचे प्रमाण सासूबाईंनी एकीला शिकवले असेल तर वेगळे झाल्यावर ते वापरण्याचा हक्क दुसरीला आहे का? पाकिटावरचे नाव कोणाचे? या प्रत्येकाबद्दल करारात एक वाक्य असावे. मिक्सर, सीलिंग मशीन, डीप फ्रीझर यांची यादी कोणी किती पैसे घातले यासह जोडावी. स्वयंपाकघर वापरू देणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल दरमहा काही द्यायचे ठरले असेल तर तेही लिहावे, नाहीतर गॅस आणि विजेच्या बिलावरून कुरबुर सुरू होते.

कराच्या दृष्टीने एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. पेढीच्या उत्पन्नावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. पेढीचा वर्षाचा नफा ६ लाख आहे आणि करारात भागीदारांच्या मोबदल्याबद्दल काही लिहिलेले नाही असे धरले, तर कर १,८७,२०० रुपये होतो. करारात काम करणाऱ्या भागीदारांना मोबदला देण्याचे आणि तो मोजण्याचे कलम असेल, तर पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५,४०,००० रुपयांपर्यंत मोबदला वजा करता येतो. उरलेल्या ६०,००० वर कर १८,७२० रुपये. मोबदला दोघींच्या वैयक्तिक उत्पन्नात जातो आणि तेथे बहुधा सूट मिळून जाते. एका कलमाच्या असण्या-नसण्याने एक लाख अडुसष्ट हजारांचा फरक पडतो. मात्र पेढीने अनुमानित पद्धत निवडली तर ही वजावट मिळत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून एका भागीदाराला वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा अधिक मोबदला किंवा व्याज दिल्यास १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागतो, ज्यासाठी पेढीला टॅन हा कर कापणाऱ्याचा क्रमांक घ्यावा लागतो.

शेवटचे कलम लिहिताना जीभ अडखळते, तरी ते लिहावेच. भागीदार दोनच असतील आणि एकाचा मृत्यू झाला, तर उरलेल्या एका व्यक्तीची भागीदारी असू शकत नाही, पेढी संपते. अशा वेळी उरलेल्या व्यक्तीला तोच व्यवसाय त्याच नावाने एकल मालकी म्हणून चालवता येईल का, आणि दिवंगत भागीदाराच्या वारसांना किती रक्कम, किती महिन्यांत, कोणत्या हिशेबाने द्यायची, हे करारात असले की दोन घरे एकमेकांशी बोलत राहतात.

पाचवी पायरी: एलएलपी कधी घ्यावी

२००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, ही भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या घरादारावर बोजा येत नाही आणि एखादा गेला तरी संस्था राहते. नोंदणीला किमान दोन भागीदार लागतात आणि एलएलपी करार नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करायचा असतो. त्यानंतर दर वर्षी ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचे विवरण द्यावेच लागते, मग वर्षभरात एक रुपयाची विक्री झालेली नसली तरी. उलाढाल ४० लाखांपेक्षा आणि भागीदारांचे योगदान २५ लाखांपेक्षा जास्त नसेल तर या कायद्याखाली लेखापरीक्षण लागत नाही. कराचा दर पेढीइतकाच असतो आणि अनुमानित पद्धत एलएलपीला उपलब्ध नाही. मोठ्या कंपन्यांना सेवा देणाऱ्या, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघा-तिघांसाठी हे रूप मला सर्वांत योग्य वाटते. दोन जावांच्या फराळासाठी ते सुरुवातीलाच घ्यावे असे वाटत नाही.

सहावी पायरी: कंपनीचा मोह तपासून पाहावा

एकट्या व्यक्तीला कंपनी हवी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यात एकल व्यक्ती कंपनी, म्हणजे ओपीसी आहे. तिला एक सभासद आणि त्याच्या पश्चात जागा घेणारी एक नामनिर्देशित व्यक्ती लागते. पूर्वी ठरावीक भांडवल व उलाढाल ओलांडली की तिचे रूपांतर सक्तीने करावे लागे. १ एप्रिल २०२१ पासून ती अट गेली आहे. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन आणि कमाल २०० सभासद चालतात. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असल्यास केंद्राचे नोंदणी शुल्क शून्य आहे, आणि 'स्वस्तात कंपनी काढा' या जाहिराती याच आधारावर होतात.

खर्च पुढे येतो. उलाढाल कितीही असो, दर वर्षी सीएकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. हिशेबपत्रके आणि वार्षिक विवरण ही दोन्ही मुदतीत भरली नाहीत तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये अतिरिक्त शुल्क लागते. दोन्ही अर्ज एक वर्ष राहिले तर ७३,००० रुपये. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. धंदा चालला नाही म्हणून कंपनीचे नाव निबंधकांच्या नोंदीतून काढायचे तर त्या अर्जाचेच शुल्क १०,००० रुपये, तेही आधीची सारी विवरणे पूर्ण केल्यावर.

मर्यादित दायित्वाचे वचनही नीट समजून घ्यावे. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, त्यामुळे बँकेच्या देण्यापुरते संरक्षण उरत नाही. पुरवठादार, ग्राहक आणि इतर घेणेकरी यांच्यापुरते ते खरे असते. म्हणून बाहेरचा गुंतवणूकदार भांडवल घालून हिस्सा मागत असेल, मोठा खरेदीदार कंपनीशिवाय करारच करत नसेल, किंवा एका ऑर्डरचे नुकसान घराला उद्ध्वस्त करील इतके मोठे असेल, तरच कंपनी करावी.

दहा-बारा जणी एकत्र येत असतील तर बचत गट आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची सहकारी संस्था हेही मार्ग आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड हा उद्योग १९६६ मध्ये संस्था म्हणून नोंदवला गेला, आणि त्यात काम करणारी प्रत्येक भगिनी आजही सहमालक समजली जाते. म्हणजे आधी सात वर्षे काम झाले आणि मग योग्य रूप शोधले गेले.

सातवी पायरी: जीएसटीची रेषा आणि रूप बदलण्याचा दिवस

जीएसटी रूपावर नव्हे, उलाढालीवर ठरतो. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. डब्याचे तयार जेवण साधारणपणे सेवेत मोडते, पाकीटबंद मसाला वस्तूत, त्यामुळे दोन्ही करणाऱ्याने २० लाखांचीच रेषा धरून चालावे. वस्तू राज्याबाहेर विकायच्या असतील तर, काही हस्तकलांचा अपवाद सोडता, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. पुण्याला पाठवलेला फराळ आणि बेळगावला पाठवलेला फराळ यांत हा फरक आहे.

पाकिटावरचे नाव जपायचे असेल तर ट्रेडमार्क घ्यावा. व्यक्ती आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. उद्यम किंवा गुमास्ता यांनी नावावर हक्क मिळत नाही. एकल मालकीत अर्ज स्वतःच्या नावाने होतो. नंतर पेढी किंवा कंपनी केली तर ते चिन्ह त्या संस्थेकडे द्यायचे की केवळ वापरू द्यायचे, हे लेखी ठरवावे.

एकल मालकीतून पेढीत किंवा कंपनीत जाताना १ एप्रिल हा दिवस धरावा, म्हणजे ३१ मार्चला जुने हिशेब स्वच्छ बंद होतात. नव्या संस्थेचा पॅन नवा असतो, म्हणून बँक खाते, उद्यम, जीएसटी आणि गुमास्ता पुन्हा करावे लागतात, आणि एफएसएसएआयचा क्रमांकही नव्या संस्थेच्या नावाने घ्यावा लागतो. ही तयारी जानेवारीतच सुरू करावी आणि जुन्या क्रमांकाची पाकिटे त्यानंतर छापून घेऊ नयेत. मार्चअखेर उरलेल्या हजारभर पाकिटांवर नवा क्रमांक हाताने चिकटवत बसण्याचे काम मी एका घरात पाहिले आहे, आणि त्यात दोन रविवार गेले होते.